जुना संगणक सुरू होताना वेळ नेमका कुठे जातो? : सिस्टमडी-अ‍ॅनलाइझचे परीक्षण

जुन्या संगणकावर हलके लिनक्स बसवूनही तो सुरू व्हायला दोन-अडीच मिनिटे लागत असतील, तर बहुतेक जण कुठली तरी तयार यादी समोर ठेवून एकामागून एक सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, बंद करत सुटतात. ब्लूटूथ बंद होते, छपाईची सेवा बंद होते, आणि शेवटी प्रिंटर चालेनासा झाला तरी वेळ जेमतेम दोन-तीन सेकंदांनीच कमी झालेला असतो. आधी मोजणी आणि मग कात्री, ही शिस्त लावणारे साधन म्हणजे सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ. २ जीबी मेमरी आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्डडिस्क असलेल्या माझ्या लॅपटॉपवर ते बरेच महिने वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

हे साधन वेगळे बसवावे लागत नाही. डेबियन, लुबुंटू अशा सिस्टमडीवर, म्हणजे बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालणाऱ्या लिनक्स वितरणांत ते मुळातच असते. देवुआनसारखे सिस्टमडी टाळणारे वितरण वापरणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही. टर्मिनलमध्ये नुसते systemd-analyze हे नाव टाइप करून एंटर दाबले की कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) किती वेळ घेतला आणि युजरस्पेसने (गाभ्यानंतर सुरू होणाऱ्या सेवांनी) किती, हे एका ओळीत दिसते. पुढचा तपास कोणत्या दिशेने करायचा ते या एका ओळीवरून ठरते, म्हणून ती वाचण्याआधी कशालाही हात लावू नये असे माझे ठाम मत आहे.

सर्वाधिक वापरला जाणारा पर्याय ‘ब्लेम’ हा आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दिशाभूलही तोच करतो. सर्वांत जास्त वेळ घेणारी सेवा वर, अशा क्रमाने तो यादी देतो. परंतु एखादी सेवा स्वतः सुस्त आहे की दुसऱ्या कुणाची वाट पाहत खोळंबली आहे, हे त्या यादीतून कळत नाही. शिवाय बऱ्याच सेवा एकाच वेळी सुरू होत असल्यामुळे यादीतील आकड्यांची बेरीज प्रत्यक्ष लागलेल्या वेळेशी जुळतही नाही. ‘क्रिटिकल-चेन’ हा पर्याय अधिक विश्वासार्ह आहे, कारण कोण कोणासाठी थांबले याची साखळी तो उलगडून दाखवतो. त्यात ‘अ‍ॅट’ चिन्हापुढचा आकडा ते युनिट (सेवा, डिस्क किंवा टप्पा) कितव्या सेकंदाला सुरू झाले ते सांगतो, तर अधिक चिन्हापुढचा आकडा त्याने स्वतः किती वेळ घेतला ते सांगतो.

या फरकाचे महत्त्व मला एका बिघाडामुळे पटले. माझ्या लॅपटॉपवर ‘ब्लेम’च्या यादीत फार मोठा आकडा एकही नव्हता, तरी युजरस्पेसचा वेळ दीड मिनिटाच्या वर जात होता. क्रिटिकल-चेनमध्ये ‘सिसइनिट टार्गेट’ हा टप्पा १ मिनिट ३१ सेकंदांवर गाठलेला दिसला, आणि त्याच्या खालच्या कड्या मात्र पहिल्या काही सेकंदांतच पूर्ण झालेल्या होत्या. मधली पोकळी जवळजवळ बरोबर ९० सेकंदांची होती, आणि न सापडणाऱ्या डिस्कसाठी सिस्टमडी मुळात तेवढाच वेळ थांबतो. बूट होताना दिसणारे चित्र एस्केप दाबून बाजूला केले, तेव्हा एका डिस्कची वाट पाहिली जात असल्याची ओळ पडद्यावर आली. मी पूर्वी स्वॅपचे, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर वापरायच्या जागेचे, पार्टिशन काढून नव्याने बनवले होते. त्याची ओळखसंख्या, म्हणजे यूयूआयडी, बदलली होती, पण बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या एफस्टॅब या फाइलमध्ये जुनीच राहिली होती. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने नवी संख्या पाहून ती तिथे लिहिताच दीड मिनिट वाचले.

एवढ्यावर काम संपले नाही, आणि इथेच या साधनाची मोठी मर्यादा समोर येते. कर्नलच्या खात्यावर अजूनही ३५ सेकंदांहून अधिक वेळ दिसत होता. डेबियनच्या घराण्यातील वितरणांत इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे मुख्य डिस्क जोडली जाण्याआधी मेमरीत चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीत, सहसा सिस्टमडी नसतो, त्यामुळे तिथे गेलेला सगळा वेळ कर्नलच्याच नावावर जमा होतो आणि त्याची फोड हे साधन करत नाही. हायबरनेशनमधून (मेमरीतील काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याच्या सोयीतून) परत येण्यासाठीच्या ‘रिझ्यूम’ नावाच्या फाइलमध्येही तीच जुनी ओळखसंख्या होती, आणि तिच्यासाठी दर वेळी आणखी ३० सेकंद वाया जात होते. ती दुरुस्त करून इनिटरॅमएफएस नव्याने तयार केल्यावर कर्नलचा वेळ एकदम खाली आला. कर्नलचा आकडा अवाजवी वाटला, तर प्रोसेसर जुना आहे म्हणून तो सोडून देऊ नये.

सेवांपैकी खरोखर लाभ झाला तो ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ बंद केल्यामुळे. नेटवर्क जोडले जाईपर्यंत ती बाकीच्यांना थोपवून धरते. नेटवर्कवरील फोल्डर बूट होतानाच जोडायचे नसतील, तर घरगुती संगणकाला तिची गरज नसते. नुसते ‘डिसेबल’ केलेली सेवा दुसऱ्या सेवेच्या मागणीवरून पुन्हा उभी राहू शकते, ‘मास्क’ केलेली राहत नाही, हा भेद लक्षात ठेवावा.

जुन्या बायोसच्या यंत्रांवर बायोसचा आणि लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमचा वेळ या मोजणीत येत नाही, त्यामुळे ग्रबच्या मेनूवरची पाच सेकंदांची वाट आपल्यालाच आठवणीने छोटी करावी लागते. दुसऱ्या टोकाला, सेवा सुरू झाल्या की साधनाची मोजणी थांबते. त्यानंतर डेस्कटॉप उघडेपर्यंत हार्डडिस्क कितीही खडखडत राहिली तरी ते त्याच्या हिशेबात नसते. माझ्याकडे ही शेवटची वाट पाहणीच आता सर्वांत लांब आहे. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि बूट होताना हजारो लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचायच्या असतात. अशा डिस्कसाठी उपयुक्त असलेली रीडअहेडची, म्हणजे लागणाऱ्या फाइली आधीच वाचून ठेवण्याची, सोय सिस्टमडीच्या २१७ व्या आवृत्तीतून २०१४ मध्येच काढून टाकली गेली, याचे मला आजही वाईट वाटते. डिस्क जोडण्याचा साटा हा जोड जुना, ३ गिगाबिटचा असला तरी एसएसडी तिथे पुष्कळ फरक पाडते, कारण फिरणाऱ्या तबकडीची वाट पाहणेच संपते. मात्र एफस्टॅबमधील चुकीची ओळ एसएसडीवरही पूर्ण ९० सेकंदच घेईल. म्हणून एसएसडी विकत घेण्याआधी क्रिटिकल-चेन एकदा जरूर चालवून पाहावे.