फिंचच्या चोचींचा डेटा – इव्होल्यूशन शिकवत असाल तर एकदा वापराच

गेली काही सेमिस्टर डिग्रीच्या मुलांना इव्होल्यूशन आणि इकॉलॉजी शिकवतेय आणि दरवेळी पेपरात तेच चुकीचं वाक्य, "दुष्काळ पडला म्हणून पक्ष्यांनी चोच मोठी केली". कितीही घसा फोडून सांगा, जात नाही. शेवटी एचएचएमआय बायोइंटरॅक्टिव्ह या जीवशास्त्र शिकवण्याच्या वेबसाइटवरची फिंच या छोट्या पक्ष्याची अ‍ॅक्टिव्हिटी घेतली, फुकट आहे, एक्सेलची शीट डाऊनलोड करायची बस.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ जोडपं 1973 पासून पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावर फिंच पकडून मोजत होते, त्यातलेच शीटमधले हे 100 पक्षी, 50 जण 1977 च्या दुष्काळात मेलेले आणि 50 वाचलेले. मुलं दोन्ही गटांच्या चोचीच्या जाडीचा ग्राफ काढतात, सरासरीत फरक येतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. एका मुलीने दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, पण वाचलेल्यांची चोच आधीपासूनच मोठी होती की, वाढली कुठे?" मला तेवढंच हवं होतं! बारीक बिया संपल्या, उरली ती आपल्या सराट्यासारखी काटेरी टणक फळं, ती ज्यांना फोडता आली ते टिकले.

दोन गोष्टी मात्र वर्गात आपल्याला सांगाव्या लागतात. 50-50 ही फक्त तुलनेसाठी केलेली निवड आहे, प्रत्यक्षात त्या जातीचे बहुतेक पक्षी मेले होते, नाहीतर मुलं निम्मे वाचले असंच धरून चालतात. दुसरं, या शीटमध्ये दिसतं ते सिलेक्शन (कोण टिकलं, कोण मेलं), इव्होल्यूशन म्हणायला पुढच्या पिढीची चोच बघावी लागते, आणि ती खरंच मोठी निघाली होती कारण चोचीची जाडी आईबापांकडून येते. हा फरक समजवायला मी अख्खा तास देते, घाई करत नाही. मग 1982-83 चा एल निनो सांगायचा, तिकडे भरपूर पाऊस, बारीक बियांचा सुकाळ आणि नंतर फायदा लहान चोचवाल्यांचा, म्हणजे मोठी चोच कायमची "चांगली" नाही हेही तिथेच कळतं, इकॉलॉजीचा धडा वेगळा घ्यायला नको.

स्टॅटिस्टिक्सवाली पण एक व्हर्जन आहे, वरच्या वर्गांना ती द्या. सोबतची शॉर्ट फिल्म मस्त आहे पण आधी दाखवू नका प्लीज, उत्तर आधीच कळलं की ग्राफ नुसता काढायचा म्हणून काढतात.