वाइडबँड किट: सेन्सर झकास, वायरिंगचा कागद रद्दी

तीन रविवार गेले, पण इंजिन काय पितंय ते अखेर दिसायला लागलं. वाइडबँड म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर. किटमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर, आकडा दाखवणारं गेज आणि तो नोंदवणारा लॉगर. एक्झॉस्टला १८ मिमीचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करून घेतला. सेन्सर आडव्या रेषेच्या निदान १० अंश वर तिरका बसवा. नाहीतर पाइपातलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि सेन्सर गेलाच म्हणून समजा.

खरा ताप दिला अर्थिंगने. गेजवर प्रमाण १४.७ (एक भाग इंधनाला इतके भाग हवा), लॉगमध्ये १५.२! कागदावर नुसतं ‘बॉडीला अर्थ द्या’. अहो, पण कुठे? हीटरच्या करंटमुळे गेजच्या अर्थवर थोडं व्होल्टेज चढत होतं, तेच लॉगरला सिग्नल वाटत होतं. दोन्हींची अर्थ एकाच बोल्टवर आणली, आकडे जुळले.

पैसे वसूल झाले ते पहिल्याच लॉगमध्ये. तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, ४५०० आरपीएमनंतर मिश्रण १२.६ वरून थेट १३.९, म्हणजे इंधन कमी पडतंय. महिनाभर मी मॅपला (कधी किती इंधन सोडायचं त्याच्या तक्त्याला) शिव्या घालत होतो. निघाला तुंबलेला फ्युएल फिल्टर.

सोबतचं सॉफ्टवेअर मात्र सारखं अडकतं. मी लॉगची सीएसव्ही फाइल काढून स्प्रेडशीटमध्येच बघतो.