कॉलेज रोडवरचा लिनक्स ड्रायव्हरचा वीकेंड क्लास: मेमरीच्या लॅबसाठी जा

नाशिकमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) शिकवणारे क्लास कमीच. कॉलेज रोडवरच्या या क्लासला सातपूर-अंबडच्या कंपन्यांत एम्बेडेडचं (उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणकांचं) काम करणारी मंडळी जास्त असतात. मॉड्यूल बिल्ड करणं, कॅरेक्टर डिव्हाइस वगैरे भाग ठीकठाक. पैसे वसूल होतात ते मेमरी अॅलोकेशनच्या, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागून घेण्याच्या लॅबमध्ये.

लॅबसाठी मुद्दाम सदोष ड्रायव्हर दिला जातो. युजरने पाठवलेला आकार ‘एन’ तसाच केमॅलॉकला (कर्नलमध्ये मेमरी देणारं फंक्शन) जातो, मग मिळालेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे मेमरी न मिळाल्याची खूण, आहे का एवढंच बघतात आणि शेवटी बफ[एन-1] मध्ये, म्हणजे त्या मेमरीच्या शेवटच्या बाइटमध्ये 0 लिहितात. आता आकार 0 पाठवा. लिनक्स नल देत नाही, झीरो_साइझ_पीटीआर हा खास पॉइंटर देतो, म्हणजे पत्ता 16. नलची तपासणी बिनबोभाट पार, आणि लिहिणं जातं पत्ता 15 वर. लगेच ऊप्स (कर्नलचा चुकीचा अहवाल)! एक्स86 वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) संदेश मात्र ‘नल पॉइंटर डीरेफरन्स’चाच येतो, कारण मेमरीच्या पहिल्या पानातला (सुरुवातीच्या छोट्या तुकड्यातला) कुठलाही पत्ता तिथे नलच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे लोक नल शोधत बसतात. बघायचा असतो शेजारी छापलेला एफ, म्हणजे हेक्समधला 15. 64 बिटांच्या मशीनवर ‘एन’ यू32 (32 बिटांचा, बिनचिन्ह आकडा) ठेवला तर वजाबाकी 32 बिटांतच गुंडाळली जाते आणि पत्ता 4 जीबीच्या पलीकडे, युजरच्या हद्दीत पडतो. हा फरक प्रत्यक्ष करून दाखवतात, ते फार आवडलं.

दुरुस्तीही नेमकी शिकवतात: आकार आत येतो तिथेच अडवा. 0 निरर्थक असेल तर ईइनव्हॅल (चुकीची किंमत दिल्याचा एरर). रिकामी यादी चालत असेल तर अॅलोकेशनच्या आधीच परत फिरा. झीरो_ऑर_नल_पीटीआर (नल आणि पत्ता 16 दोन्ही पकडणारी तपासणी) लावून सरसकट ईनोमेम (मेमरी संपल्याचा एरर) देऊ नका, युजर उगाच रॅम तपासत बसेल. केफ्रीला (मेमरी परत करणारं फंक्शन) हे दोन्ही पॉइंटर चालतात, त्यामुळे तिथे वेगळी अट नको. 26,84,35,456 नोंदी गुणिले 16 बाइट हे 32 बिटांत बरोबर 0 होतं, म्हणून गुणाकार हाताने न करता केमॅलॉक_अॅरे (गुणाकार मावतो का ते तपासून मेमरी देणारं फंक्शन) वापरायला लावतात.

खटकलं ते असं की व्हीमॅलॉकचा (मेमरी मागायचं दुसरं फंक्शन) उल्लेखच नाही. तिथे 0 मागितलं तर नलच मिळतो, वर लॉगमध्ये वॉर्निंग. केमॅलॉकचा कोड व्हीमॅलॉकवर हलवणारा इथेच अडकतो. एवढं स्वतःहून विचारा, उत्तर मिळतं. लॅब क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) चालते, त्यामुळे लॅपटॉपला धोका नाही. सी भाषा कच्ची असेल तर मात्र पहिल्याच लॅबला दमछाक होईल. आणि शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर निघू नका.