सहा महिने इंग्रजीचं ॲप वापरलं: 799 रुपये, एक माईक आणि 'वेस्ट'

गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनला दहा नंबरवर पनवेल गाडीची वाट बघत उभी होते आणि खात्यातून 799 कापल्याचा मेसेज आला. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या ॲपचे, पुढच्या तीन महिन्यांचे. 1 रुपयात सात दिवस म्हणून घेतलं तेव्हा ऑटोपेला हो म्हटलेलं, ते माझंच. कापायच्या 24 तास आधीचा मेसेजपण आलेला, लोनच्या मेसेजांखाली गाडला गेला. पण मी आधीच्याच महिन्यात ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं होतं ना, मग कापले कसे? म्हणून हे लिहितेय. नाव लिहीत नाही, जाहिरात दिसतेच सगळ्यांना उठता बसता.

मी मराठी मीडियमची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, पहिलीपासून सुरू झालं 2000 ला, तेव्हा मी आठवीत. रबाळेला एमआयडीसीत डिस्पॅच बघते. ई-वे बिल डोळे मिटून भरेन, पण चेन्नईच्या पार्टीचा फोन आला की सरळ साहेबांच्या हातात द्यायचे.

तर ॲप. धडे, पॉइंट, रोज आलात तर आगीचं चित्र वगैरे सगळं ठीक. पण तो माईक! तो जे म्हणेल ते आपण म्हणायचं, बरोबर आलं तर हिरवं, नाहीतर लाल. पश्चिम दिशेचा 'वेस्ट' म्हणा, तर मला लाल. परत लाल. रोज रात्री ओट्याशी उभी राहून वेस्ट, वेस्ट, वेस्ट, एकदा तर सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, घंटागाडी मघाशीच गेली!" तीन महिने मी त्या माईकला शिव्या घातल्या, की परदेशी कानाला आपलं बोलणं कळतच नाही, एक स्टार देऊन आले.

तो स्टार आता मागे घ्यावा लागतोय, कारण माईक बरोबर होता. नणंदेची मुलगी सुट्टीत आली होती, ऐकून हसायला लागली. म्हणाली, "मामी, तू दात लावतेयस. आधी ऊ म्हणताना करतेस तसे ओठ गोल कर, मग एस्ट." ऊ-एस्ट, पटकन. हिरवं! व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला दातांचं कामच नाही. आपल्याकडे दोघांना एकच व, त्यामुळे दिशा आणि बनियन देवनागरीत लिहा, दोन्ही वेस्टच, कानाला फरक कळणार कसा? पण मग हे एवढं ॲपला सांगता येत नव्हतं? 799 घेऊन नुसतं लाल दाखवतो आणि नववीतली पोरगी फुकटात सांगते. उलट झेडवर धड्यांमागून धडे. अहो, आपण बाजार म्हणतो त्यातला ज जवळपास तोच आहे, आम्हाला जन्मापासून येतो तो! हिंदीवाल्यांसाठी बनवलेलं उचलून मराठीचं बटण लावलंय बहुतेक, 'बुक अ टेबल'चा अर्थ 'टेबल पुस्तक करा' दिलाय, यावरून काय ते समजा.

खरं काम केलं ते वहीने. ठाणे ते रबाळे बसायला मिळालं तर मी काल कामावर मराठीत बोललेली पाच वाक्यं लिहायची. टेम्पो निघाला. माल संध्याकाळपर्यंत पोचेल. मी चलान पाठवलं. मग तीच इंग्रजीत. ॲप मला 'मुलगा सफरचंद खातो' शिकवत होतं, आमच्या गोडाऊनमध्ये कोण सफरचंद खातंय? लिहिता लिहिता एक कळलं, आपलं क्रियापद शेवटी आरामात येतं, त्यांना ते करणाऱ्याच्या लगेच मागे लागतं: आय सेंट द चलान. आणि नाही पाठवलं तर 'डिड नॉट सेंट' नाही, 'डिड नॉट सेंड'. भूतकाळ डिडने घेतला की क्रियापद मूळचं राहतं. हे एक वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम, फुकट, खाली सगळं लिहिलेलंपण असतं. पहिल्याच दिवशी घेऊ नका, जड जातात, महिना दोन महिन्यांनी घ्या.

आता पैशांचं. त्यांचं कस्टमर केअर म्हणजे चॅट, तेही फक्त इंग्रजीत. इंग्रजी येत नाही म्हणून ॲप घेतलं आणि भांडायचं इंग्रजीत! बसले लिहायला. 'आय डिड नॉट अप्रूव्ड' लिहिलं, पुठ्ठ्याकडे बघितलं, खोडलं, 'अप्रूव्ह' केलं. साहेबांना न दाखवता पाठवलेलं माझं पहिलं पत्र ते. दोन दिवस काही नाही. मग ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, मराठीत, आणि नवव्या दिवशी पूर्ण 799 परत. पत्राने आले की फोनने, देव जाणे, मी पत्राने आले असंच धरते. आणि ऑटोपे बंद करायचा तर आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन मॅन्डेटच, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगीच, रद्द करा, त्यांच्या सेटिंगच्या भरवशावर राहू नका.

दोन स्टार. त्यातला एक माईकला.

परवा चेन्नईवाल्यांचा फोन, गाडी कुठल्या गेटला लावू. मी उचलला, ओठ नीट गोल करून म्हटलं, "वेस्ट गेट." तिकडून आलं, "ओके मॅडम, वेस्ट गेट." त्यांचा व अगदी आपल्यासारखा, दात लावून.