रोजच्या पेपरातलं शब्दकोडं: दहा महिने सोडवल्यानंतर

मागच्या सप्टेंबरात बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की काही दिवस बारीक अक्षर वाचायचं नाही. बाबांना एखाद दिवस बातम्या नसल्या तर चालतं, कोडं नसलं की चालत नाही, नागपूरजवळ कोराडीला नोकरीत होते तेव्हापासून डब्याच्या सुट्टीत सोडवायचे. मग मी ऑफिसला निघायच्या आधी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून सूचना वाचायची, ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून उत्तरं सांगायचे, मी लिहायची. आठ-दहा दिवसांत त्यांचा डोळा बरा झाला, पण तोपर्यंत सवय मलाच लागली होती. आता जुलै संपत आला, एखाद दुसरा दिवस सोडला तर रोज सोडवून राहिली आहे, म्हणून म्हटलं नीट लिहावं, कारण मराठी कोड्यांबद्दल कोणी सविस्तर लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

सुरुवातीला मला पाऊण तास लागायचा आणि तरी पाच-सहा घरं रिकामी. आता रोजचं छोटं कोडं पंधरा-वीस मिनिटांत होतं, रविवारचं मोठं मात्र अजूनही दुपारपर्यंत चालतं, तर्री पोहे खाता खाता सुरू करायचं आणि जेवणानंतर संपवायचं.

नवीन माणूस पहिल्यांदा अडकतो तो अक्षरं मोजण्यात. मराठीत एक घर म्हणजे एक पूर्ण अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, रफार, जोडाक्षर सगळं त्या एकाच घरात. म्हणजे ‘स्वातंत्र्य’ किती मोठा शब्द वाटतो, पण घरं तीनच, स्वा-तं-त्र्य. विद्यार्थी पण तीनच. हे एकदा डोक्यात बसलं की कळतं की आपलं कोडं इंग्रजीपेक्षा सोडवायला एका बाबतीत सोपं आहे, तीन घरांच्या शब्दात एक घर मिळालं की मात्रेसकट तिसरा हिस्सा शब्द हातात येतो. पण बनवणाऱ्याला तेच कठीण जातं. इंग्रजीत २६ अक्षरं, कुठलंही कुठं तरी बसतं. आपल्याकडे नुसत्या ‘क’चीच अख्खी बाराखडी, वर जोडाक्षरं, त्यामुळे दोन शब्द एकाच घरात जुळणं अवघड, म्हणून आपल्या कोड्यांत काळी घरं जास्त आणि दोन अक्षरी शब्दांचा भरणा. पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मधे आलं, लिव्हरपूलमधे जन्मलेल्या आर्थर विनने बनवलेलं, हिऱ्याच्या आकाराचं, मधे रिकामी जागा आणि नाव ‘वर्ड-क्रॉस’. तो साचा रोमन लिपीसाठी निघाला आणि आपल्या लोकांनी तो देवनागरीत बसवला, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता सगळ्यात मोठा फायदा. माझं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. शाळेत जे झालं नाही ते दहा महिन्यांत झालं, कारण इथं चूक लगेच उघडी पडते, आडव्या शब्दात ‘वी’ पाहिजे आणि उभ्यात ‘वि’, म्हणजे दोघांपैकी एक चूक आहेच. यावरून आमच्या घरी ऑक्टोबरात मोठा वाद झाला. आडव्या शब्दाची सूचना ‘सूर्य’, दोन अक्षरी, र आलेला होता. उभा शब्द ‘विहीर’. बाबांनी ‘रवि’ लिहून टाकलं, जुळलं पण. मी म्हटलं बाबा, शेवटची वेलांटी दुसरी पाहिजे, रवी. ते म्हणे, आम्ही शाळेत रवि, कवि, गुरु असंच लिहीत होतो, तू काहून बदलून राहिली वं? मग मी नियम शोधले. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने १९६२ मधे मान्य केले, १९७२ मधे त्यात आणखी चारांची भर पडली, आणि त्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. बाबा १९५१ चे, म्हणजे अर्धी शाळा जुन्या लेखनात आणि अर्धी नव्यात, त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. आणि गंमत म्हणजे तोच शब्द समासात पुढे आला की ऱ्हस्वच राहतो, रविवार, कविराज, गुरुकुल. त्या दिवशी हे मला पहिल्यांदा कळलं, नाहीतर मी आयुष्यभर अंदाजाने लिहीत होती. आणि कोडं बनवणाऱ्याने मात्र ‘रवि’च धरलं होतं, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं तेव्हा बाबा दिवसभर खूश.

ही माझी पहिली तक्रार. कोडं बनवणाऱ्यांनी लेखन एक धरावं. आज कवी, उद्या कवि, जिथं जसं जुळेल तसं, हे बरोबर नाही. पेपरचं नाव लिहीत नाही, पण त्याच पेपरात हिवाळ्यात दोनदा सूचना आजच्या आणि चौकट कालची छापून आली होती, बाबा अर्धा तास डोकं लावून राहिले आणि मग लक्षात आलं. अशा दिवशी फार वाईट वाटतं, कारण छापणाऱ्यासाठी तो पानाचा कोपरा असेल, पण कितीतरी घरी म्हातारी माणसं सकाळपासून त्याची वाट पाहतात. घरं पण लहान छापतात, ‘क्ष्मी’ लिहून दाखवा त्यात. आणि ‘एक अभिनेत्री’ ही काय सूचना झाली का?

शब्दांचं सांगायचं तर पहिल्या महिन्यात तेच तेच शब्द पाहून कंटाळा आला होता, खग, नग, कर, तरू, निशा. बाबांनी एकदा फोड करून सांगितली आणि कंटाळा गेला. ‘ग’ म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, म्हणून आकाशात जाणारा तो खग, पक्षी. जो जातच नाही तो नग, पर्वत. उर म्हणजे छाती, छातीवर सरपटत जातो तो उरग, साप. वेगात जातो तो तुरग, घोडा. हे ऐकल्यावर मी पाठ करणं सोडलं, शब्द फोडून पाहायला लागली. कमळाचं पण तसंच, नीर, पंक, सरस्, अंबू आणि पुढे ‘ज’ म्हणजे जन्मलेलं, नीरज, पंकज, सरोज, अंबुज. पाणी, चिखल किंवा तळ्यासाठीचा एक शब्द माहीत असला की कमळ तयार.

अडलं की गूगलवर सूचना जशीच्या तशी टाकू नका, सगळी मजा जाते. मी संध्याकाळी मोल्सवर्थ उघडते. १८३१ चा कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. एका शब्दासाठी गेली की अर्धा तास तिथंच जातो, पण तो अर्धा तास वाया गेला असं कधी वाटलं नाही.

अ‍ॅपवर पण करून पाहिलं, जमलं नाही. एका अ‍ॅपमधे ‘स्व’ टाइप केलं तर स् एका घरात आणि व दुसऱ्या घरात. ज्याला मराठीचं अक्षर म्हणजे काय हेच कळलं नाही त्याच्यावर काय सोडवणार, त्याच दिवशी काढून टाकलं. कागदच बरा. जेल पेन पसरतो, एचबी पेन्सिल फिकी उमटते आणि जोर दिला की कागद फाटतो, टूबी घ्या. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर गेलं की दुपारी कूलरसमोर बसल्याशिवाय इलाज नाही आणि कूलरच्या हवेनं पेपर दमट होतो, त्यावर पेन्सिल चालतच नाही, म्हणून उन्हाळ्यात कोडं सकाळीच उरकायचं.

ऑफिसमधला एक जण ‘द हिंदू’मधलं क्रिप्टिक सोडवतो, त्यात सूचनेतच शब्दांचा खेळ असतो. आपल्याकडे सूचना सरळ असतात, समानार्थी शब्द द्या बस. खरं तर मराठीत श्लेषाला काय कमी आहे? ‘रोज सकाळी उगवणारा दोस्त’, दोन अक्षरी, मित्र. ‘हात, पण सरकारलाही द्यावा लागतो’, कर. असं आठवड्यातून एकदा तरी कोणी द्यावं.

आणि आपले शब्द. डिसेंबरात सूचना होती ‘भाजीवर पेरतात ती हिरवी पानं’, चार घरं, शेवटचं र. बाबा लगेच म्हणे सांबार! पण घर एक जास्त. कोथिंबीर होतं ते, आमच्याकडे तिलाच सांबार म्हणतात. बाबा म्हणे, नागपूरच्या आवृत्तीत सांबार नाही तर कुठं चालन? मला ते पटलं. दहा महिन्यांत मी सांबारचं उत्तर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा इडलीसोबतचं. कोहळं म्हणजे भोपळा, फल्ली म्हणजे शेंगदाणे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, यातलं एकदाही नाही. पेपर इथं छापतो, वाचणारे इथले, तर महिन्यातून चार शब्द इथले यायला काही हरकत नसावी. मी पेपरला तसं पत्र पाठवलं आहे, उत्तर आलं नाही.

मग जूनमधे बाबांनी स्वतःच आलेखाच्या वहीत कोडं बनवायला घेतलं. उभा शब्द मारबत, मारबत आणि बडग्या म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणूक काढतात ते पुतळे. मारबतच्या ‘र’वर आडवा सांबार येऊन संपतो, ‘ब’पासून बडग्या निघतो, इथपर्यंत अगदी सुरेख. खाली ‘त’पासून तर्री घ्यायची होती, पण ती तिथं ठेवली की वरच्या बडग्याचा ‘ड’ बरोबर ‘र्री’च्या डोक्यावर येतो आणि उभा ‘डर्री’ असा शब्द तयार होतो, जो कुठेच नाही. चार दिवस त्यात गेले. शेवटी त्यांनी ‘त’वर परात आणून संपवली, कोडं पुढे सरकलं, पण तर्रीला जागा नाही. ‘र्री’ असलेला दुसरा शब्द सापडत नाही आणि तिला सोडून द्यायला ते तयार नाहीत, रोज पेपरातलं कोडं झालं की ती वही काढतात, मी पण बसते बाजूला.