तंबाखू कंपन्यांचे दप्तर : एका डिजिटल संग्रहाचे परीक्षण

धूम्रपानबंदीला विरोध करणाऱ्या ‘नागरिकांच्या’ संघटना कोणाच्या पैशावर उभ्या राहिल्या, हे मूळ कागदांवरून तपासायचे असेल, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रंथालयाने २००२ पासून चालवलेल्या तंबाखू-दस्तऐवज संग्रहाइतकी उपयुक्त सेवा माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेतील राज्यांनी कंपन्यांवर भरलेल्या खटल्यांमुळे, विशेषतः १९९८ मध्ये ४६ राज्यांशी झालेल्या तडजोडीमुळे, हे अंतर्गत कागद खुले झाले. त्यांची संख्या आता एक कोटी चाळीस लाखांहून अधिक आहे. शुल्क नाही, आणि कागद जसेच्या तसे संगणकावर उतरवून घेता येतात.

शोध मात्र कंपनीच्या नावाने सुरू करू नये. नोंदींच्या ढिगाऱ्यात माणूस हरवतो. संघटनेचे नाव घालावे. ‘नॅशनल स्मोकर्स अलायन्स’ हे नाव घातले, की १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आणि धूम्रपान करणाऱ्यांची चळवळ म्हणून पुढे आलेल्या या संघटनेमागे फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा पैसा आणि बर्सन-मार्स्टेलर या जनसंपर्क संस्थेची आखणी होती, हे उलगडत जाते.

मला सर्वांत बोधप्रद वाटले ते कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्सचे प्रकरण. १९८७ मध्ये या छोट्या शहराने उपाहारगृहांत धूम्रपानबंदी केली, तेव्हा तेथील उपाहारगृह चालकांची एक संघटना पुढे आली आणि धंदा ३० टक्क्यांनी बुडाल्याचे सांगू लागली. काही महिन्यांतच बंदी सैल करण्यात आली. नंतर विक्रीकराच्या आकडेवारीत अशी घट दिसली नाही, आणि ही संघटना तंबाखू उद्योगानेच उभी केली होती, असे तिच्या माजी अध्यक्षांनीच सांगितले. परंतु तो ३० टक्क्यांचा आकडा तोवर इतर शहरांतील वादांत पोहोचला होता. १९९४ मध्ये तर कॅलिफोर्नियात स्थानिक कडक नियम मोडीत काढणारा प्रस्ताव फिलिप मॉरिसने ‘राज्यव्यापी धूम्रपान निर्बंधांसाठी कॅलिफोर्नियावासी’ अशा अर्थाच्या नावाखाली मांडला. मतदारांनी तो फेटाळला, हे त्यांचे मोठेपण.

बनावट संघटना ओळखणे तुलनेने सोपे आहे. खरी अडचण नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनसारख्या जुन्या, आदरणीय संस्थेपाशी येते. तिने फिलिप मॉरिसकडून देणग्या घेतल्या, आणि कामाच्या वेळेबाहेर सिगारेट ओढल्याबद्दल कोणाची नोकरी जाऊ नये, अशी बाजूही मांडली. ही बाजू मला खोटी वाटत नाही. पण ती ऐकणाऱ्याला देणगीदाराचे नाव आधी कळायला हवे होते, असे मी ठामपणे म्हणेन.

सेवेत उणिवा आहेत. समासातील हस्ताक्षरे आणि पुसट फॅक्स शोधात सापडत नाहीत, एकाच कागदाच्या अनेक प्रती पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि कंपन्यांची खासगी लघुरूपे कळेपर्यंत बराच वेळ जातो. पानांवर छापलेला ‘बेट्स’ क्रमांक, म्हणजे खटल्यातील कागदांच्या पानांना दिलेला अनुक्रमांक, पहिल्या दिवसापासून टिपून ठेवावा, कारण त्यावरून तोच कागद पुन्हा शोधता येतो. नवख्या अभ्यासकाने बेव्हर्ली हिल्सपासून आरंभ करावा : शहर लहान, काळ काही महिन्यांचा, त्यामुळे धागा हातातून सुटत नाही.