नेलपॉलिशचे पाच ठिपके

माझं सोल्डरिंग चांगलं होतं, हे कळायला मला चार महिने लागले आणि पावणेचार हजार रुपये.

मी मिरजेची. पतसंस्थेत नोकरी करते आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजवते. आमच्या चर्चचं छत उंच, भिंती दगडी. खालच्या पट्ट्यातला आवाज असा घुमतो की गाणाऱ्यांचे शब्दच कळत नाहीत. त्यावर सरळ उपाय म्हणजे ग्राफिक इक्वलायझर पेडल. बॉसचा जीई-७ हा १९८१ पासूनचा जुनाजाणता. १०० हर्ट्झपासून दुपटीदुपटीने ६.४ किलोहर्ट्झपर्यंत सात स्लायडर, प्रत्येक पट्टा १५ डेसिबल वर किंवा खाली. घुमतो तो पट्टा खाली ओढला की झालं. पण नवा घ्यायचा तर माझ्या खिशाला जड. म्हणून किट, म्हणजे सुटे भाग मागवून बोर्डावर स्वतः डाग देऊन जोडायचे. वीस वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकला सोल्डरिंग केलेलं होतंच.

ज्या गावात तंबोरा घ्यायला आलेला माणूस सतारमेकर गल्लीत दोन-दोन तास बसतो, भोपळा टकटकवून बघतो, त्या गावात राहून मी फोनवर एक फोटो बघितला आणि २,८५० रुपये पाठवून दिले. जाहिरातीत 'सात बँड, टीएल०७२ चिपा, फिल्म कपॅसिटर, ट्रू बायपास' असं सगळं होतं. आवाजाचा नमुनाही होता, आणि तो सुरेख होता. पत्ता नव्हता, बिलाचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

पुडकं आलं तेव्हा पहिली शंका तिथेच यायला हवी होती, आलीही. फिल्मचे चौकोनी कपॅसिटर लिहिले होते. आत तपकिरी चकत्या, सिरॅमिकच्या, वर '१०४झेड'. फूटस्विचला नऊ पाय हवेत, होते सहा. मी विचारलं. उत्तर आलं, "व्हॅल्यू तीच आहे ना मॅडम? १०४ म्हणजे १०४." खरंच होतं. १०४ म्हणजे दहावर चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड. त्याने शेवटच्या अक्षराबद्दल काही सांगितलं नाही. 'जे' असेल तर व्हॅल्यू पाच टक्के इकडेतिकडे. 'झेड' असेल तर वीस टक्के कमी ते ऐंशी टक्के जास्त, काहीही. इक्वलायझरमध्ये कुठला सूर कुठल्या स्लायडरला लागायचा हे याच कपॅसिटरवर ठरतं. तो ऐंशी टक्के जास्त निघाला, तर ८०० हर्ट्झचा स्लायडर ६०० च्या आसपास काम करतो.

चिपा पाच होत्या, प्रत्येकी आठ पायांच्या. सॉकेट दिलेलं नव्हतं. "सॉकेटने नॉइज येतो, थेट लावा." हे वाक्य लक्षात ठेवा. चिप सॉकेटमध्ये असेल तर कुणीही उपसून तपासू शकतो. थेट डाग दिला की कोण उपसत बसतं?

माझी नजर आता चाळिशीची. चिपेचा पहिला पाय ओळखायची ती बारीक खाच मला दिव्याखालीही धड दिसेना. म्हणून पाचही चिपांच्या त्या कोपऱ्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला, मरून रंगाचा. तीन संध्याकाळी बसून बोर्ड पुरा केला. एक रेझिस्टर उलटा-सुलटा पाहून पुन्हा मोजला, प्रत्येक सांधा भिंगाखाली पाहिला.

पेडल चालू झालं. आणि फसफसायला लागलं. वरचा स्लायडर चढवला की गळका गॅस. जोरात कॉर्ड मारली की सुराला खर लागायची. डबीवर टिचकी मारली तर स्पीकरमधून 'टुक' ऐकू यायचं. (सिरॅमिकच्या काही चकत्या असा धक्का विजेत बदलतात, हे मला नंतर कळलं.)

मी विक्रेत्याला कळवलं. त्याने बोर्डाचे फोटो मागितले. समोरून, मागून, दिवसाउजेडी. मी पाठवले. तासाभरात फोटो परत आला, सात ठिकाणी लाल गोल केलेले, म्हणजे तिथला डाग नीट वितळून धरलेला नाही. "कोल्ड सोल्डर. मॅडम, घरातल्या कुणी जेंट्सनी केलंय का तुम्हीच?"

मीच, म्हटलं.

"तेच."

त्या 'तेच' मध्ये मी अडकले. सातही सांधे पुन्हा तापवले. फरक पडला नाही. मग मला वाटायला लागलं की चिपाच जास्त तापवून जाळल्या असणार माझ्या हातून. तयार पेडल विकणाऱ्याचं पेडल फसफसलं असतं तर त्याच दिवशी भांडले असते. किटमध्ये शेवटचा हात आपला लागलेला असतो, आणि हा धंदा तेवढ्यावर चालतो. तो म्हणाला, बोर्ड पाठवा, पाचही चिपा नव्या घालून देतो, टेस्टिंग चार्ज ९०० रुपये. मी पैसे पाठवले, वर "सॉरी, तुम्हाला त्रास" असंही लिहिलं. ते आठवलं की आजही कान तापतात.

पाच आठवड्यांनी बोर्ड परत आला. सोबत चिठ्ठी, 'ऑल आयसी रिप्लेस्ड'. जोडून पाहिलं, तीच फसफस. दिवा जवळ ओढला. पाचही चिपांच्या कोपऱ्यावर माझे मरून ठिपके जसेच्या तसे.

त्या रात्री रागाने मी रिमूव्हर घेतला आणि कापसाचा बोळा करून ते ठिपके पुसायला बसले. ठिपका गेला. त्याच्याबरोबर चिपेचा काळा रंग बोळ्यावर आला, टीएल०७२ चा छापही आला. खाली करडं अंग आणि आडवे बारीक चरे, पॉलिश पेपरने घासल्यासारखे. तिसऱ्या चिपेवर चऱ्यांमधून जुन्या छापाचे आकडे अर्धेमुर्धे डोकावत होते: ३५८, म्हणजे वेगळीच चिप.

दुसऱ्या दिवशी बोर्ड घेऊन सांगलीला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे गेले. त्यांनी आधी सांधे पाहिले. "हे कुणी केलंय?" मी मान खाली घालून म्हटलं, मी. "बरं केलंयस की. माझ्याकडच्या पोराला जमत नाही असं."

मला तिथे रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी चिपा उपसल्या. "छाप पुसला गेला म्हणून नकली ठरत नाही गं, काही चिपांवर शाईच असते. मोजून बघू." नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून मधला सांधा ग्राउंड धरला. चिपेचा पहिला पाय दुसऱ्याला जोडला, तिसऱ्या पायापासून ग्राउंडपर्यंत १० मेगाओहमचा रेझिस्टर, आणि मीटर पहिल्या पायावर. टीएल०७२ च्या तोंडाशी फेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात, ती आत जवळजवळ करंटच घेत नाही, म्हणून मीटर शून्याजवळ काही मिलिव्होल्टवर राहायला हवा. ३५८ मधून नॅनोअँपिअरमध्ये का होईना करंट वाहतो, आणि १० मेगाओहमवर तेवढ्याचाही मोठा व्होल्टेज होतो. मीटर ०.३९ व्होल्ट दाखवत होता. पाचही चिपा, थोड्याफार फरकाने, तेवढ्याच. "चार्जरात घालतात ती चिप," काका म्हणाले. वाईट चिप नव्हे ती, पण या कामाची नव्हे.

या पेडलात तारेच्या वेटोळ्याचं काम चिप आणि कपॅसिटर मिळून करतात, त्याला जायरेटर म्हणतात. माझ्या किटात चिपही खोटी आणि कपॅसिटरही भलता. काकांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून चिपा आणि '१०४जे' फिल्म कपॅसिटर मागवून दिले. त्याच मोजणीत नव्या चिपेने २ मिलिव्होल्ट दाखवले. या वेळी सॉकेट लावले. बोर्ड तोच, सांधे माझेच. आता पेडल शांत आहे, आणि २०० चा स्लायडर खाली घेतला की गायनमंडळाचे शब्द मागच्या बाकापर्यंत पोचतात.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल मागितलं. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव-पत्ता दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. माझ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर आणि यूपीआयचं टोपणनाव होतं. नंबर आता बंद आहे.

माणूस मात्र बंद झालेला नाही. गेल्या आठवड्यात गायनमंडळातल्या एका मुलाने मला नव्या नावाची जाहिरात दाखवली, त्याला घ्यायचं होतं म्हणून. 'आमच्या ग्राहकाने घरी बनवलेलं पेडल, सोल्डरिंगची सफाई पाहा.' फोटो माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा होता. कुठल्याही किटच्या जाहिरातीत पाच चिपांवर पाच मरून ठिपके दिसले, तर तो बोर्ड माझा आहे.